अंगानं घेतलं नाही

माय, परवा आमच्या संस्थेच्या गोठ्यात एका करडाच्या पाठीवर डुकराच्या कातडीचा तुकडा जगलेला मी बोटानं दाबून पाहिला, आणि पहिली आठवण तुझी आली. हे ऐकून तू आधी नाकाला पदर लावला असतास. "डुकराची? आन् ती शेरडाच्या लेकराला? कावून गं, त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" असं म्हणून तू बप्पांकडं डोळे वटारून पाहिलं असतंस, कारण मला जनावरांची डॉक्टर करायचं खूळ त्यांचं होतं आणि माझ्या प्रत्येक उपद्व्यापाचा जाब तू त्यांनाच विचारायचीस. मी परभणीला शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस. त्यानंतर मी कुठं कुठं शिकले, कोणकोणत्या शहरांत राहिले, आता काय करते, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. सुट्टी काढून घरी आलेय. बप्पा ओसरीवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेत आणि झोपलो नाही असं सांगायच्या तयारीत आहेत. तुझी चूल होती तिथं आता गॅसचा ओटा आहे. त्या ओट्याखाली, फरशीवर बसून मी हे लिहितेय, कारण या खोलीत मला खुर्चीवर बसून काही सुचत नाही.

माझं काम काय ते तुला सांगायला आपल्याच घरातला एक शब्द पुरतो. शेळीनं पिल्लू घेतलं, किंवा घेतलं नाही. मी सातवी-आठवीत असेन. आपली काळी शेळी व्यायली, दोन करडं झाली. एकाला तिनं चाटून कोरडं केलं आणि दुसरं जवळ आलं की शिंगानं उडवायला लागली. मी दावणीपाशी उभी राहून रडतेय, आणि तू माझ्यावर खेकसतेस, "रडून घेती व्हय ती? जा, मिठाची बरणी आण." तू त्या करडाच्या पाठीला मीठ चोळतेस, वरून शेळीचंच दूध चोळतेस, शेळीची मान काखेत दाबून धरतेस आणि करडू तिच्या तोंडापुढं नेतेस. शेळी दोनदा जीभ लावते. आपण दोघी श्वास रोखून बघतोय. मग ती फुरफुरते आणि अशी उसळी घेते की तू शेणात बसतेस. मला हसू येतं, तुलाही येतं, आणि हसता हसता तू लुगडं झटकत म्हणतेस, "वल्लं हाय तवाच चाटलं आस्तं तर घेतलं आस्तं. आता टाइम गेला. आता तिला ते दुसऱ्याचं वाटतंय." ते करडू पुढं याच खोलीत, चुलीच्या उबेला, चिंधीनं दूध चोखत वाढलं आणि तुझ्या मागंमागं फिरायला लागलं. मला शेळीचा राग होता. मी तिला पेंड घालायला तयार नव्हते. तर तूच मला दटावलंस, "तिचा काय गुन्हा? तिच्या अंगाला न्हाई पटलं. तिला काय कळतंय?" शेळीची बाजू घेणारी तू, हे मला पुढं फार आठवणार होतं.

तुझ्या पायांवर सूज दिसायला लागली तेव्हा आपण सगळ्यांनी ती कामाची सूज धरली. मग चेहऱ्यावर आली, मग तू जेवणावरून उठायला लागलीस, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्याला दोनदा डायलिसिस. तो शब्द तुला कधी म्हणता आला नाही आणि तू म्हणायचा प्रयत्नही केला नाहीस. रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालतात एवढं कळल्यावर तू त्याचं नावच धुणं करून टाकलंस. "उद्या माझं धुनं हाय, सकाळची यष्टी गाठायचीय," असं तू शेजारणीला सांगायचीस, आणि तिला वाटायचं लेकीकडं अंबाजोगाईला चाललीस. बप्पा धारूर डेपोत कंडक्टर, त्यामुळं कुठल्याही गाडीत कंडक्टरमागची जागा तुझी. त्या जागेवर बसून, उशाला घ्यायची चादर मांडीवर घेऊन, तू घाटातली सीताफळाची झाडं बघत जायचीस. पाणी मोजून प्यायचं होतं, फळं बंद होती. त्या वर्षी डोंगरात सीताफळ इतकं लागलं होतं की लोक पाट्या भरून दारात आणून द्यायचे. तू एक उचलून हुंगायचीस आणि माझ्या हातात द्यायचीस. "खा. मी बघते," म्हणायचीस. मी खायचे, तू बघायचीस. खाल्लं नाही तर तू चिडायचीस.

किडनी बदलता येते हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात पहिल्यांदा कुणीतरी ताठ बसलं. बप्पांना साखर होती, ते बाद. थोरल्या बहिणीला दिवस गेले होते. मधलीचा रक्तगट जुळला नाही. राहिले मी. तुला ते मुळीच नको होतं. "लगीन व्हायचंय तिचं. चिरलेली पोरगी कोन करून घेईल?" एवढं एकच तू पंधरा दिवस घोकत होतीस. बप्पांनी समजावलं, मामा येऊन गेला, तू हटली नाहीस. शेवटी एका सकाळी, तू तांदूळ निवडत होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसले होते, मी म्हणाले, "नऊ महिने अख्खी मी तुझ्या पोटात मावले. आता माझी एवढीशी किडनी ठेवून घ्यायला तुझं काय जातंय?" तू सूप खाली ठेवलंस. मग म्हणालीस, "लई बोलाय शिकलीस परभनीला." तो तुझा होकार होता. आपल्या घरात होकार नेहमी असाच शिवीच्या वाटेनं यायचा.

मग मोठ्या शहरातला मोठा दवाखाना, तिथल्या तपासण्या, तिथले सारखेच दिसणारे लांबलचक बोळ. रक्तगट जुळला होता. शेवटची एक तपासणी राहिली होती, क्रॉसमॅच. मी खाली छातीचा फोटो काढायला गेले होते तेव्हा तिचा निकाल आला आणि बप्पांच्या हातात पडला. बप्पांनी आयुष्यभर तिकिटं आणि पाट्या वाचल्या होत्या, इंग्रजी अक्षरं लावता येत होती. त्यांनी लावून लावून वाचलं, पॉझिटिव्ह. मी वर आले तर बोळात आरडाओरडा. "सरका, सरका, तोंड गोड करा," म्हणत बप्पा गाडीत तिकिटं फाडावीत तसे प्रत्येक बाकापुढं थांबून पेढे वाटत होते. अनोळखी माणसं, कुणाचं कोण आत पडलेलं, तेही हसून पेढा घेत होते. तू अर्धा पेढा खाल्ला होतास आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडात घातलास. "पॉझिटीव आलंय," तू म्हणालीस. तो शब्द तू एकदाही न अडखळता म्हणालीस. मीही मान डोलावली. मला तरी कुठं कळत होतं? आम्हाला कॉलेजात गाई-म्हशींचं शिकवायचे, आणि गाई-म्हशींना कुणी किडन्या बसवत नव्हतं. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, जगात सगळीकडं पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच, असं मीही धरून चालले आणि तो अर्धा पेढा चघळत राहिले.

डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण होते, माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे, आणि वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगते. बप्पांच्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा पाहून त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलं म्हणजे किडनी बसवता येणार नाही. बप्पा म्हणाले, "पन सायेब, पॉझिटीव हाय की." डॉक्टरांनी पुन्हा सावकाश सांगितलं, आईच्या रक्तात मुलीच्या पेशी मिसळून बघितल्या, आईच्या रक्तानं त्या मारल्या, किडनी बसवली तर तिचंही तेच होईल. ते पुढंही बरंच बोलले. बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये असं होऊ शकतं, तुमची काही चूक नाही, दुसरा कुणी देणारा मिळतो का बघू, असं सगळं बोलले. मी ऐकत होते, पण माझं लक्ष तुझ्याकडं होतं, आणि तू 'मारल्या' या शब्दापाशीच थांबली होतीस. तू डॉक्टरांना एकच विचारलंस, "माझ्या रगतानं?" ते हो म्हणाले. तू पदराच्या टोकानं ओठ पुसलेस, पेढा लागला असावा तसे, आणि उठून उभी राहिलीस.

आपण घरी परतलो. दुसरा देणारा मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर आपण कुठं आणि कुणाला विचारायचं हेच आपल्याला माहीत नव्हतं. धुणं चालू राहिलं. बाकी तुझ्यात एक बदल झाला. तू माझे लाड करायला लागलीस. आपल्या घरात लाड हा प्रकार नव्हता, तिघी बहिणींना तू एकाच मापानं भाकरी आणि एकाच मापानं धपाटे दिलेस. आता तू माझ्या डोक्याला तेल लावायचीस. ताटात तूप जास्त वाढायचीस. मी नको म्हणाले की तुझे डोळे भरायचे. मला वाटायचं, आजारानं माणूस हळवं होतं. मी आपली खुशाल तेल लावून घ्यायचे.

मग ती सकाळ. मी इथंच चुलीपुढं भाकरी थापतेय, कारण तुला धूर सोसत नाही. तू दाराशी पाटावर बसलीयेस, भिंतीला टेकून. बप्पा ड्युटीवर गेलेत. तू म्हणतेस, "तुला एक सांगायचंय. अजून कुनाला सांगितलं न्हाई." मला वाटतं, दागिन्यांचं काहीतरी असेल. तू म्हणतेस, "तू झालीस तवा सुईन म्हनली, लेक हाय. तिसरी. म्या भिताडाकडं तोंड फिरवलं. तिनं तुला धुऊन जवळ आणलं, बग म्हनली, तर म्या बगितलं न्हाई." मी भाकरी तव्यात टाकते. तिला पाणी लावते. तू थांबत नाहीस. "त्येच नडलं बग. शेळीचं तू बगितलंयस. पहिल्यांदा न्हाई घेतलं की पुना घेत न्हाई. वरून कितीबी लाड कर, आतून इसरत न्हाई. माझ्या अंगानं तवा तुला घेतलं न्हाई, आन् आता तुझी किडनी बी न्हाई घेतली. डागदर काईबी म्हनू दे. म्या केलं ते माझ्याच म्होरं आलं." मी म्हणते, "तसं नसतं गं माय." तू लगेच विचारतेस, आणि त्या विचारण्यात आशा आहे, ती मला आजही ऐकू येते, "मग कसं असतं?"

मला सांगता आलं नाही. कसं असतं हे मला त्या दिवशी खरंच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचं अर्धवट आठवत होतं, त्यात बाळंतपण होतं, रक्त होतं, आणि तुझ्या गोष्टीतही तेच होतं. तुझी गोष्ट जास्त पटण्यासारखी होती, कारण ती आपल्या दावणीला घडलेली होती. तू तव्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे. भाकर जळाली बग." पावसाळा लागायच्या आत तू गेलीस. फुप्फुसात पाणी झालं होतं. शेवटच्या आठवड्यात अंबाजोगाईच्या खाटेवर तू एकच करत होतीस, माझ्याकडं बघत होतीस. मी औषध आणायला गेले तरी दाराकडं बघत राहायचीस, मी आले की पुन्हा माझ्याकडं. थोरली मला म्हणाली, "किती गं जीव तुझ्यावर." तू कशाची भरपाई करत होतीस हे त्या खोलीत फक्त आपल्या दोघींना ठाऊक होतं.

कसं असतं, हे शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली. लोक विचारतात, बीडकडची पोरगी या विषयाकडं कशी वळली, तर मी काहीतरी गुळगुळीत उत्तर देते. तुला खरं सांगते. पोटातलं लेकरू निम्मं आईचं असतं आणि निम्मं बापाचं. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं, आणि आईचं रक्त त्यातला बापाचा वाटा हेरून ठेवतं, हे आपलं नाही म्हणून. आईला त्याचा काही त्रास होत नाही, पण रक्त तयारीत राहतं. तुझी तर तीन बाळंतपणं. पुढं कधी त्याच लेकराचा तुकडा अंगात बसवायची वेळ आली, तर ते तयारीतलं रक्त त्याच्यावर धावून जातं. म्हणजे, माय, तू तोंड फिरवलंस म्हणून नाही, तू मला जन्म दिलास म्हणून तुझ्या रक्तात ते होतं. मला कधी पोटात न वाढवलेल्या एखाद्या परक्या बाईच्या अंगात कदाचित माझी किडनी बसली असती. आणि तुझ्या रक्ताचं भांडण माझ्याशी नव्हतंच, माझ्यातल्या बप्पांशी होतं. तसे ते तुला घरातही तंबाखूवरून खुपायचेच. हे मला पहिल्यांदा एका वर्गात बसून कळलं तेव्हा मी हसले, आणि मग मला वर्गातून उठून बाहेर जावं लागलं.

उलट्या बाजूनं मात्र गंमत आहे. पोटातल्या लेकराच्या अंगाला अजून आपलं-परकं कळत नसतं. ते शिकायचं असतं, आणि शिकायच्या आधी जे जे त्याला भेटेल ते आपलंच, असं ते धरून चालतं. आमचं काम त्याच फटीतून आत शिरण्याचं. गाभण शेळीच्या पोटावर यंत्र धरायचं, पडद्यावर करडू दिसतं, मुठीएवढं, आणि बारीक सुईनं त्याच्यात एका डुकराच्या हाडातल्या मगजाच्या पेशी सोडायच्या. करडू जन्मल्यावर त्याच डुकराची कातडी लावून बघायची, अंग घेतं का. डुकरं कशाला, तर त्यांची किडनी, त्यांचं काळीज माणसाच्या मापाचं असतं, आणि माणसांच्या किडन्या वाट बघणाऱ्यांना पुरत नाहीत. माणसापर्यंत हे कधी येईल सांगता येत नाही. माझ्या हयातीत येणारही नाही. आमच्या बऱ्याच शेळ्या गाभडल्या. बरीच करडं जन्मली आणि त्यांच्या अंगानं घेतलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आन् त्या डुकराचं काय?" एवढंच सांगते की गोठ्यात शिरताना मी मान वर करून शिरत नाही.

तर हे करडू. तपकिरी आहे, खोडकर आहे, माझ्या कोटाची बटणं खातं. त्याच्या पाठीवर शेजारी शेजारी दोन तुकडे लावले होते. एक कुठल्या तरी दुसऱ्याच डुकराचा. तो काळा पडला, वाळला आणि खपली निघावी तसा गळून गेला. दुसरा पोटात असताना भेटलेल्या डुकराचा. तो गुलाबी राहिला, आणि परवा मी दाबून पाहिला तर आधी पांढरा पडला आणि मग त्यात रक्त परत आलं. त्याच्यावर डुकराचे राठ केस उगवलेत. करडाला त्याचं काहीच वाटत नाही, ती आपलीच पाठ असल्यासारखं ते खांबाला घासतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब, जे कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, ते म्हणाले, वा. मी गोठ्याबाहेर आले आणि चाऱ्याच्या गंजीला टेकून रडले. बरोबरच्या मुलींना वाटलं आनंदानं. मला त्या करडाचा हेवा वाटत होता. गोठ्यातच जन्मलेलं, कुठल्या डुकराशी त्याची गाठ पडायचं कारण नाही, आणि ते म्हणतंय, हे माझं. आणि तुझ्या-माझ्या बाबतीत तेवढं झालं नाही. एक मात्र आहे. आईच्या थोड्या पेशी लेकरात उतरतात आणि कधी कधी जन्मभर राहतात. तुझ्या माझ्यात असतील तर माझ्या अंगानं त्या घेतल्यात, तक्रार न करता घेतल्यात. तुझी किडनी मला द्यायची असती तर कदाचित जमलंही असतं. पण मरत होतीस तू.

हे सगळं कळून मला समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही, म्हणून सुट्टी काढून आले. काल संध्याकाळी बप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मी जन्मले तेव्हा घरी कोण कोण होतं. ते म्हणाले, "मी कुटं व्हतो? परळी गाडीवर गेलतो. रजा कुनी द्यावी तिसऱ्या लेकीला? चार दिसांनी आलो." मी विचारलं, आल्यावर काय बघितलंत. ते थोडं आठवून म्हणाले, "काय बगायचं? तू तिच्या मांडीवर व्हतीस. पीत व्हतीस. मला म्हनली, हात धुऊन या, मग घ्या." एवढं सांगून ते हसले. त्यांना वाटलं, मला तेवढंच हवं होतं. चौथ्या दिवशी कुणीही लेकरू मांडीवरच असतं, माय. सुईण कधीच गेली. थोरली तेव्हा पाच वर्षांची, तिला फक्त शेजारच्या घरी शिरा मिळाल्याचं आठवतं. बप्पांना मी चुलीपुढचं बोलणं अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांच्या आठवणीत तू हात धुऊन या म्हणणारी आहेस, ती तशीच राहू दे.

बप्पा उठले वाटतं, खोकताहेत. चहा टाकायला हवा. हा कागद मी कुठं पाठवणार नाही, बॅगेत तसाच परत नेणार. मी आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं खरं आहे, एकूणएक शब्द तपासून घ्यावा इतकं खरं. तुझं अंग मला परकं म्हणत नव्हतं, हे मी कुठल्याही माणसापुढं सिद्ध करून दाखवीन. पण अंगाचं सोड. तू भिंतीकडं तोंड फिरवलंस, ते परत माझ्याकडं कधी वळवलंस? लगेच? मी रडले म्हणून? सुईण रागावली म्हणून? की रात्र गेली? त्या सकाळी तू सांगत होतीस तेव्हा हे विचारता आलं असतं, आणि तू खरं तेच सांगितलं असतंस, म्हणूनच मी विचारलं नाही. मला एवढंच विचारायचं होतं, माय. बाकीचं सगळं त्याच्या आधी काहीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.